आधी काटा ओळखावा, मग मासा

मी घड्याळं दुरुस्त करतो. टेबलावर एखादं सुटं चाक सापडलं की ते कुठल्या कंपनीच्या घड्याळातलं, हे मी आधी बघत नाही. आधी बघतो ते चाक कसलं आहे: तिसरं, चौथं, की एस्केपचं. दात किती, मधलं भोक केवढं, आस किती जाड. एवढं कळलं की कंपनीचा प्रश्न निम्मा सुटतो. कधी सुटतही नाही, कारण दहा कंपन्यांची चौथी चाकं भावंडांसारखी दिसतात.

माशांच्या जीवाश्म हाडांचा नाद लागून मला अठरा वर्षं झाली. डोळ्याला लावायचं भिंग आणि टोकदार चिमटा धंद्यातलाच असल्यामुळे सुरुवातीचा खर्च वाचला, पण सवय मात्र लवकर लागली नाही. काळा, चकचकीत, बोटाच्या नखाएवढा तुकडा हातात आला की मीही पहिला प्रश्न तोच विचारायचो, जो सगळे विचारतात: हा कुठला मासा? तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: माशाच्या अंगातलं हे कुठलं हाड?

कारण साधं आहे. हाडाळ माशाच्या एकट्या डोक्यात शंभरावर हाडं असतात, आणि आपल्या कवटीसारखी ती एकमेकांत घट्ट सांधलेली नसतात. मासा मेला, कुजला, पाण्याने हलवला की सगळं डोकं सुटं होऊन पसरतं. अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हर थरांतल्या ‘नाइटिया’सारखा अख्खा मासा दगडाच्या पाटीवर मिळाला, तर बाह्याकार, परांचे काटे, मणक्यांची संख्या, सगळं मोजता येतं. तसं नशीब फार थोड्यांचं. बाकीच्यांच्या चाळणीत येतं ते फुटकं, झिजलेलं आणि एकटं.

चाळणीचं आधी सांगून टाकतो. चिकणमाती ओली असताना धुवायला घेऊ नका. ती आधी पूर्ण वाळवा, अगदी खडखडीत, आणि मग पाण्यात टाका. वाळलेली माती पाणी शोषताना आपोआप फुटते. ओली माती दिवसभर चोळली तरी गोळाच राहते. मी दोन चाळण्या वापरतो, वरची २ मिलिमीटरची आणि खालची ०.५ मिलिमीटरची. वरच्या चाळणीत मणके आणि काटे अडकतात, खालच्या चाळणीत खरी गंमत असते. राहिलेला गाळ वाळवून पांढऱ्या कागदावर चिमूटभर पसरायचा, दहापट भिंगाखाली डावीकडून उजवीकडे ओळीने वाचत जायचं, आणि हवा तो कण ओलसर केलेल्या बारीक ब्रशच्या टोकाने उचलायचा. चिमट्याने नाही. चिमट्यातून उडालेला दात खोलीत पुन्हा कधी सापडत नाही, आणि शिंकेबद्दल तर बोलायलाच नको.

आता ते हाड तरी आहे का? भिंगाखाली हाडाच्या पृष्ठभागावर तंतूंसारख्या रेषा किंवा बारीक छिद्रं दिसतात, आणि तुटलेल्या कडेला आतली जाळी दिसते. खेकड्याच्या नांगीचं टोक फार फसवतं. ते काळंभोर आणि दातासारखं चकचकीत असतं, पण आतून पोकळ, पातळ भिंतीचं आणि तंतूंशिवाय. समुद्रकमळाच्या देठाची चकती मणक्यासारखी दिसते. तिच्या तोंडावर बऱ्याचदा पाच पाकळ्यांची किंवा ताऱ्याची नक्षी असते आणि ती तुटते ती आरशासारख्या सपाट चकाकत्या पातळीवर. हाड असं तुटत नाही. काही जण तुकडा जिभेला चिकटतो का ते बघतात. मी बघत नाही. सच्छिद्र मातीचा खडाही जिभेला तितकाच चिकटतो.

रंगावरही जाऊ नये. काळ्या चिखलात पडलेलं आजचं हाड थोड्याच काळात डाग खाऊन काळं होतं, आणि किनाऱ्यावर नवं-जुनं एकाच ढिगात वाहून येतं. खात्री करायचीच असेल तर एखाद्या निरुपयोगी तुकड्याला तापलेली सुई टेकवा. केस जळल्यासारखा वास आला तर त्यात अजून प्रथिनं शिल्लक आहेत, म्हणजे हाड अलीकडचं आहे. चांगल्या नमुन्यावर हा प्रयोग करू नका, डाग कायमचा राहतो.

ज्या थरातून तुकडा आला त्या थराचं वय माहीत असेल तर निम्मी नावं भिंग न लावताच गळतात. चिलखती प्लॅकोडर्म मासे डेव्होनियन काळाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे ३५.९ कोटी वर्षांपूर्वी संपले. इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखे दिसणारे समुद्री सरपटणारे प्राणी, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी गेले. त्याच्या बऱ्याच नंतरच्या इओसीन काळातल्या मातीत गोल चकतीसारखा मणका मिळाला आणि कुणी म्हणालं ‘इक्थिओसॉर’, तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं. मात्र तुकडा थरातूनच आला आहे, वरून घरंगळत आलेला नाही, हे आधी तपासलेलं हवं.

मणक्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण तेच सगळ्यात जास्त मिळतात. हाडाळ माशाचा मणका डमरूसारखा असतो: दोन्ही तोंडं खोलगट, मध्ये कंबर. दोन्हीकडचे शंकू आत जिथे भेटतात तिथे सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. जिवंतपणी पृष्ठरज्जूचा उरलेला धागा तिथून जातो. तोंडाच्या आत एकाभोवती एक वलयं दिसतात. बाजूला बारीक खांब, खड्डे, जाळी. वरच्या अंगाला दोन मोडके खुंट दिसले तर ती मज्जारज्जूवरच्या कमानीची बुडं. मग मणका उलटा करा. खालीही तशीच दोन बुडं एकमेकांजवळ असतील तर तो शेपटीकडचा मणका, कारण शेपटीत खालून रक्तवाहिनी जाते आणि तिच्यावरही कमान असते. खाली कमान नसून दोन्ही कुशींना आखूड खुंट किंवा खळगे असतील तर तो पोटाकडचा. तिथे बरगड्या टेकतात. एवढ्यावरून माशाचं नाव कळत नाही, पण तुलना कशाशी करायची ते कळतं. पोटाच्या मणक्याची शेपटीच्या मणक्याशी तुलना करून ‘जुळत नाही, म्हणजे वेगळी जात’ असं ठरवणारे मी पाहिले आहेत. त्यांपैकी एक मी.

शार्कचा मणका हाड नसतोच, ती चुना बसून कडक झालेली कूर्चा असते. तोही दोन्हीकडून खोलगट, पण त्याला मोडके खुंट नसतात. कमानी कूर्चेच्याच असल्यामुळे त्या कुजून जातात आणि त्यांच्या जागी खाचा उरतात, दोन वर आणि दोन खाली. मणक्याच्या कडेला हे चार खाचखळगे दिसले की शार्क किंवा त्याचा नातेवाईक. कडेला उभ्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये फटी असतील तर बहुतेक मॅकेरल शार्कच्या गणातला. कड गुळगुळीत आणि भरीव असेल तर रिक्वियम शार्कच्या गणाकडे बघायचं. शार्कचे मणके बहुधा आखूड, सोंगटीसारखे असतात, पण लांबीवरून निकाल देऊ नका.

एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा. गार नावाच्या माशाच्या मणक्याला पुढे फुगीर गोळा आणि मागे वाटी असते. माशांत हे अगदी विरळ. सापाच्या मणक्यालाही गोळा-वाटी असते, पण उलटी: वाटी पुढे, गोळा मागे, आणि वर सांध्यांची भरगच्च गर्दी. गार असेल तर त्याच चाळणीत शंकरपाळ्याच्या आकाराचे जाड, वरून काचेरी चमक असलेले खवले शोधा. ते मणक्यांपेक्षा टिकाऊ असतात.

आणखी दोन तुकडे मणक्यांच्या डबीत चुकून पडतात. एकाला मणक्याचं तोंड एकाच बाजूला असतं आणि दुसरी बाजू वेडीवाकडी असते. ते कवटीच्या मागचं बेसिऑक्सिपिटल हाड, जिथे पहिला मणका येऊन टेकतो. दुसरा त्रिकोणी, पसरट, पंख्यासारखा. तो शेपटीचा, ज्यावर परांचे काटे उभे असतात. माझ्या डबीत हा पंखा तीन वर्षं ‘शिंपला?’ अशा चिठ्ठीखाली पडून होता.

डोक्याच्या हाडांत सगळं शिकायच्या भानगडीत पडू नका. पातळ पत्रे फुटून जातात, जिथे सांधा असतो तिथे हाड जाड असतं आणि तेवढंच उरतं. म्हणून सांधे शिका. क्वाड्रेट हे त्रिकोणी हाड, त्याच्या एका कोपऱ्याला खोगिरासारखा सांधा, ज्यावर खालचा जबडा हलतो. कल्ल्याच्या झाकणाचा मोठा पत्रा अख्खा कधीच येत नाही, पण त्याच्या कोपऱ्यातली जाड खोबण येते. वरच्या जबड्याच्या टोकाचं प्रीमॅक्सिला, त्याला वर जाणारा एक दांडा आणि खाली दात किंवा दातांच्या खोबणी. खालच्या जबड्याचं डेंटरी. एवढी चार हाडं नीट ओळखता आली की पुढची आपोआप येतात.

दात सोपे वाटतात आणि तिथेच माणूस आपटतो. हाडाळ माशांच्या शंकूसारख्या दातांच्या टोकाला बऱ्याचदा काचेसारखी पारदर्शक टोपी असते. उजेडासमोर धरला की टोक उजळतं, बुंधा काळाच राहतो. ही खूण मला फार उपयोगी पडली आहे. क्रेटेशसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातल्या, थरांतला एन्कोडस नावाचा मासा टाळूवर लांब सुळे बाळगायचा; त्याचे सुटे सुळे मगरीच्या नाहीतर कुठल्या सरपटणाऱ्याच्या नावाने किती पेट्यांत पडले असतील, देव जाणे. सुळा एका बाजूने दबलेला, धारदार आणि बुडाशी भरीव हाडाला चिकटलेला असेल तर मगर विसरा. मगरीचा दात बुडाशी पोकळ असतो.

बटणांसारखे किंवा घेवड्याच्या बियांसारखे गुळगुळीत दात ओळीने बसलेली पाटी मिळाली तर पिक्नोडॉन्ट नावाच्या, शिंपले फोडून खाणाऱ्या माशांचा विचार करा; ते ट्रायासिकच्या उत्तरार्धापासून इओसीनपर्यंत होते. षटकोनी फरशा एकमेकींना चिकटलेल्या, आणि फरशीच्या खाली फणीसारखे दाते असतील तर ती गरुड-पाकटाच्या दातांची पाटी. जुन्या युरोपात जुरासिक माशांचे असे गोल दात बेडकाच्या डोक्यातून निघालेले खडे म्हणून अंगठीत बसवत, आणि शार्कच्या दातांना दगड झालेल्या जिभा समजत. १६६६ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ पकडलेल्या मोठ्या शार्कचं डोकं निकोलस स्टेनो या शरीररचनेच्या अभ्यासकाने कापून पाहिलं आणि पुढच्या वर्षी लिहिलं की त्या ‘जिभा’ म्हणजे हेच दात. त्याची पद्धत आजही तीच आहे: जिवंत प्राण्याचं तोंड उघडा आणि शेजारी ठेवून बघा.

काट्यांत सगळ्यात ओळखता येणारा म्हणजे शिंगाळा-मागूर गटातल्या माशांचा छातीच्या पराचा काटा. करवतीसारखे दाते, आणि बुडाशी वेडावाकडा, तीन उंचवट्यांचा सांधा. काटा ताठ करून अडकवायचं कुलूपच ते. दाते झिजून गेले तरी कुलूप राहतं, म्हणून टोकापेक्षा बूड जपा. पाकटाच्या शेपटीचा काटा चपटा, दोन्ही कडांना दाते, बुडाशी असलं कुलूप नाही.

मग येतात गोट्या. सुजलेले, कांद्यासारखे फुगलेले, जड, गुळगुळीत हाडाचे गोळे, कधी एका टोकाला दांडी. पहिला गोळा मिळाला तेव्हा मी त्याला रोगट हाड समजलो, नंतर विष्ठेचा जीवाश्म, नंतर कासवाचं काहीतरी. ते माशाचं अगदी निरोगी हाड होतं. काही माशांत, विशेषतः कॅरँजिडी नावाच्या कुळात, कवटीचा माथा, बरगडी किंवा परांना आधार देणारे काटे वयानुसार असे फुगतात. त्यांना ‘टिली हाडं’ म्हणतात, जीवाश्म मेंदूंच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या टिली एडिंगर यांच्या नावावरून. एकाच जातीत तेच हाड त्याच आकारात फुगतं, त्यामुळे नीट जतन झालेला गोळा साध्या बरगडीपेक्षा जास्त बोलका असतो. तो फोडून आत काय आहे ते बघायचा मोह आवरा.

आता माझ्या सगळ्यात मोठ्या मूर्खपणाकडे येतो. माशाच्या कानात तोल सांभाळणारे खडे असतात, दोन्ही बाजूंना तीन-तीन. त्यांना ओटोलिथ म्हणतात. ते हाड नव्हे; हाड फॉस्फेटचं, हे खडे बहुधा अरॅगोनाइट नावाच्या चुन्याच्या खनिजाचे, म्हणजे शिंपल्याच्या जातीचे. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. पांढरट, बदामासारखे चार सुंदर दाणे मिळाले, त्यांच्यावर चुनखडीचा थर होता, तो काढायला मी ते व्हिनेगरमध्ये ठेवून जेवायला गेलो. परत आलो तेव्हा थरही गेला होता आणि दाणेही. वाटीत ढगाळ पाणी होतं.

हे लक्षात ठेवा, कारण ओटोलिथ सुट्या हाडांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त सांगतो. बहुतेक माशांत त्यातला सॅजिटा नावाचा खडा मोठा असतो. त्याच्या आतल्या बाजूला एक चर असते, पुढचा भाग रुंद, मागचा अरुंद किंवा वाकलेला. त्या चरीचा आकार, कडांचे दाते आणि पुढचं टोक यांवरून कूळ, प्रजाती, कित्येकदा जातही ठरते. शिंगाळे आणि कार्प यांच्या गटात मात्र सॅजिटा काडीएवढा राहतो आणि दुसरेच खडे मोठे होतात. खड्यात वाढीची वलयं असतात, आणि जॉर्जिओ पॅनेला यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की त्यांत रोजचं एकेक वलयही असतं. दिवसाला एक रेघ! इतकं काटेकोर घड्याळ मी कधी उघडलेलं नाही.

ओटोलिथ कुठे शोधायचे यालाही एक खूण आहे. त्याच थरातल्या गोगलगायींच्या कवचांवर मूळची चमक शिल्लक असेल तर अरॅगोनाइट टिकलं आहे, म्हणजे ओटोलिथ मिळतील. कवचं विरघळून नुसते साचे उरले असतील तर वेळ घालवू नका. आणि आम्ल कुठल्याही मालाला लावायच्या आधी त्यात ओटोलिथ नाहीत ना, हे आधी भिंगाने बघा. घट्ट चुनखडीतून हाड सोडवायला पातळ अॅसेटिक आम्ल वापरतात खरं, पण ते काम माहितगाराच्या देखरेखीखाली शिका.

खवल्यांचं थोडक्यात. लुई अगासीने १८३३ ते १८४३ दरम्यान जीवाश्म माशांवर जे अवाढव्य काम छापलं, त्यात खवल्यांवरून माशांचे चार गट पाडले. ते गट आता कुणी मानत नाही, पण खवल्यांच्या प्रकारांची नावं टिकली. सुटा पातळ खवला मिळाला तर त्याच्या मागच्या कडेला बारीक दाते आहेत का बघा, नोंद करा, पुढे चला.

खरी शाळा म्हणजे स्वतःचा तुलनेचा संग्रह. मेलेला ताजा मासा घ्या, त्याचं नाव नक्की करून आधी फोटो काढा, लांबी मोजा, कानातले खडे काढून घ्या, आणि मग मंद आचेवर मांस सुटेपर्यंतच पाण्यात ठेवा. खळखळ उकळलं तर बारीक हाडं खडूसारखी होतात. डावी-उजवी वेगळी ठेवा. घरच्यांशी आधी बोलून घ्या, वास दोन दिवस जात नाही. एक मासा असा स्वतःच्या हाताने सुटा केला की चित्रं पाहून वर्षभरात जे कळत नाही ते एका दुपारी कळतं. फार जुन्या थरांतल्या माशांना मात्र आजचे मासे पुरत नाहीत. क्वाड्रेट ओळखायला ते चालतील, कूळ ठरवायला नाही.

कुणा जाणकाराला दाखवायचं तर फोटो सहा बाजूंनी काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी, उजेड वर-डावीकडून. बोटांवर ठेवून काढलेला एकच फोटो पाठवून ‘काय असेल?’ विचारू नका. तुकडा मोडला असेल तर झटपट चिकटणारा गोंद लावू नका; अॅसिटोनमध्ये विरघळवलेली पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ वापरा, ती पुन्हा सोडवता येते. जिथून गोळा करता तिथली परवानगी आणि कायदा आधी विचारून घ्या.

आणि नाव. सुतावरून स्वर्ग गाठायची घाई इथेच होते. झिजलेल्या एका मणक्यावरून जातीचं नाव लिहिणाऱ्याच्या बाकीच्या चिठ्ठ्यांवरही माझा विश्वास बसत नाही. शास्त्रीय लिखाणात ‘सीएफ.’ लिहितात, म्हणजे याच्यासारखं दिसतं पण शपथेवर सांगत नाही, आणि ‘इंडेट.’, म्हणजे इथून पुढे ठरवता येत नाही. ‘टेलिऑस्ट, इंडेट., शेपटीचा मणका’ ही पूर्ण आणि प्रामाणिक ओळख आहे (टेलिऑस्ट म्हणजे आजचे बहुतेक हाडाळ मासे ज्यात येतात तो गट). माझ्या निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या अशाच आहेत. चिठ्ठीवर नावापेक्षा जागा महत्त्वाची: ठिकाण, थर, थराच्या तळापासूनची उंची, तारीख. नाव पुढे कुणीही सुधारू शकतो, जागा फक्त तुम्हाला ठाऊक असते. जागा शाईत लिहा, नाव पेन्सिलीत.

माझ्याकडे नमुना ठेवायची ४१ नंबरची कॅप्सूल आहे. आत साडेतीन मिलिमीटरचा तुकडा, एका बाजूला खोबण, दुसऱ्या बाजूला पाच छिद्रांची ओळ. आतापर्यंत तिघांनी पाहिला. एकाने गालाचं हाड सांगितलं, एकाने जबड्याचं, तिसऱ्याने भिंग खाली ठेवून जेवायची वेळ झाली म्हणून सांगितलं. दोनदा खोडून झालंय. सध्या पेन्सिलीत ‘टेलिऑस्ट, डोक्याचं हाड?’ एवढंच आहे.